मुलीच्या पाठीचे पंधरा फोटो आणि किरणांचा हिशोब

प्रश्न: सर, आम्ही यावल तालुक्यातले. केळीची शेती आहे. माझी मुलगी तेरा वर्षांची, आठवीला आहे. दोन वर्षांपूर्वी शाळेचा ड्रेस शिवायला टाकला, तेव्हा माप घेणाऱ्या ताईंनी सांगितलं की हिचा एक खांदा वर आहे. गावाजवळ कंबरेचे दोन एक्स-रे फोटो काढले, मग जळगावला दाखवलं. स्कोलिओसिस निघाला, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकलेला. तेव्हापासून दर चार-सहा महिन्यांनी उभं करून पूर्ण पाठीचे दोन-दोन फोटो काढतात, एक समोरचा आणि एक बाजूचा. असं सहा वेळा झालं. एकदा ती हलली म्हणून एक फोटो पुन्हा घेतला. सगळी पाकिटं कपाटात ठेवली आहेत. परवा मोजले तर पंधरा फोटो भरले. कण्याच्या वाकाचा कोन आधी २४ अंश होता, आता २८ सांगतात. पाठीला आधाराचा पट्टा लावायचा का, ते दिवाळीनंतरच्या फोटोवर ठरवू म्हणाले. माझी जाऊ म्हणते, एवढे फोटो काढले, पोरीला पुढे मूलबाळ होणार नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, काही होत नसतं. पोटावर शिशाचा एप्रनसुद्धा ठेवत नाहीत. मला एवढंच सांगा, आजवर तिच्या अंगात किती किरणं गेली हे कुणाला मोजता येतं का? आणि दिवाळीनंतरचा फोटो काढू की नको?

उत्तर: ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, बाकीचं वाचेपर्यंत तुमचा जीव टांगणीला नको. दिवाळीनंतरचा फोटो काढा. फक्त तो कसा काढायचा, ते खाली सांगतो तसं सांगून काढा. आणि जाऊबाईंना माझ्या वतीने सांगा, या फोटोंचा आणि पुढे मूल होण्या-न होण्याचा काहीही संबंध नाही.

आता हिशोब. मी एकतीस वर्षं एक्स-रे विभागात काम केलं, त्यातली बहुतेक खान्देशात. तुम्ही विचारलेला प्रश्न मला असंख्य लोकांनी विचारला आणि बहुतेकांना मीही ‘काही होत नसतं’ असंच सांगितलं. मागे रांग असायची, कॅसेट बदलायची असायची. ते उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. पाकिटं मोजून ठेवणाऱ्या आईला आकडा मिळायला हवा. तो काढता येतो. सोनाराच्या काट्यासारखा नेमका नाही, पण शेतात उभं राहून अनुभवी माणूस घडाचं वजन सांगतो, तेवढा भरवशाचा नक्की.

तुमच्याकडे ठिबक असेल, म्हणून त्यावरूनच सांगतो. ड्रिपर ताशी चार लिटरचा आणि पंप तीन तास चालला, तर झाडाला बारा लिटर पाणी दिलं. एक्स-रेच्या ट्यूबचंही असंच आहे. ट्यूबमधून किती करंट गेला आणि किती सेकंद गेला, यांचा गुणाकार म्हणजे एमएएस. तो दुप्पट केला की किरणं दुप्पट. दुसरा आकडा केव्हीचा, म्हणजे किलोव्होल्टचा. तो पाइपातल्या प्रेशरसारखा. केव्ही वाढवला की किरणं जास्त निघतात आणि जास्त खोलवर जातात. टेक्निशियन बटण दाबण्याआधी पॅनलवर हेच दोन आकडे बसवतो. तुमच्या मुलीचा हिशोब या दोन आकड्यांत दडलेला आहे आणि ते सहसा कुणी लिहून ठेवत नाही, ही माझी मोठी खंत आहे.

तिसरी गोष्ट अंतर. चुलीपासून एक हात लांब असताना जेवढी धग लागते, तिच्या पावपटच दोन हातांवर लागते. किरणांचा नियमही हाच. म्हणून ट्यूब जवळ आणून घेतलेला फोटो आणि सहा फुटांवरून घेतलेला फोटो यांत त्वचेवर पडणारी मात्रा पार वेगळी असते.

चौथी गोष्ट शरीराची जाडी. आम्हा टेक्निशियन लोकांचा जुना ठोकताळा आहे: अंगाची जाडी चार सेंटिमीटरने वाढली की एमएएस दुप्पट करायचा. कंबरेचा समोरचा फोटो काढताना किरणांना वीसेक सेंटिमीटर पार करावे लागतात, बाजूचा काढताना तीस. त्या बाजूच्या फोटोत शंभर किरणं आत शिरली तर पलीकडे एकही धड पोहोचत नाही. बाकीची सगळी वाटेत पोटात, आतड्यात, हाडात मुरतात. छातीत हवा भरलेली असते, तिथून किरणं सहज निघून जातात. म्हणूनच छातीचा फोटो आणि कंबरेचा फोटो एका मापाने मोजणं चूक आहे. डॉक्टर ‘काही होत नसतं’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा छातीचा फोटो असतो.

एक उदाहरण आकड्यांनिशी करून दाखवतो. समजा मोठ्या माणसाच्या कंबरेचा समोरचा फोटो ७५ केव्ही आणि ४० एमएएसवर घेतला. चांगल्या स्थितीतलं यंत्र ८० केव्हीला एक मीटरवर दर एमएएसला साधारण ७० मायक्रोग्रे देतं असं धरू (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप; मिलिग्रे त्याचा हजारावा भाग, मायक्रोग्रे दहा लाखावा). ७५ केव्हीला ते ६१-६२ वर येतं. चाळीसने गुणलं की सुमारे २.५ मिलिग्रे. पण माणसाची त्वचा एक मीटरवर नसते. ट्यूबपासून फिल्म एक मीटरवर आणि मध्ये माणसाचं शरीर, त्यामुळे त्वचा सुमारे ७५ सेंटिमीटरवर येते आणि चुलीच्या नियमाने मात्रा १.७८ पट होते. शिवाय आत शिरलेली काही किरणं आपटून परत त्वचेवर येतात, त्यासाठी १.३५ ने गुणायचं. एकूण झाले जवळजवळ ६ मिलिग्रे. आता बाजूचा फोटो घेऊ: ८५ केव्ही, ८० एमएएस, त्वचा ६५ सेंटिमीटरवर. तोच गुणाकार केला की २० मिलिग्रे येतात. बाजूचा फोटो तिपटीहून जास्त भरला, तो असा.

हे आकडे बरोबर की वाईट, ते कशावरून ठरवायचं? आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९९६ साली मोठ्या माणसांच्या फोटोंसाठी मार्गदर्शक पातळ्या दिल्या होत्या: कंबरेच्या समोरच्या फोटोला १० मिलिग्रे, बाजूच्या फोटोला ३०, आणि छातीच्या फोटोला फक्त ०.४. त्या तेव्हाच्या फिल्म-स्क्रीनच्या काळातल्या. आजचं चांगलं डिजिटल यंत्र त्यांच्या पुष्कळ खाली राहायला हवं. एखाद्या केंद्राचे आकडे त्यांच्या वर जात असतील, तर तिथे काहीतरी तपासायची गरज आहे.

ग्रे हे त्वचेवर पडलेल्या किंवा अवयवात मुरलेल्या ऊर्जेचं माप. पण दिलेलं पाणी आणि मुळांनी प्यायलेलं पाणी जसं एक नसतं, तसंच इथेही. त्वचेवर २० मिलिग्रे पडले म्हणजे अंडाशयाला, आतड्याला २० मिळाले असं नाही, खोल जाता जाता ते झपाट्याने घटतात. शिवाय सगळे अवयव सारखे नाजूक नसतात. किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००७ साली अवयवांना गुण वाटून दिले: फुप्फुस, जठर, मोठं आतडं, अस्थिमज्जा आणि स्तन यांना प्रत्येकी ०.१२, अंडाशय किंवा वृषणाला ०.०८, थायरॉइडला ०.०४, त्वचेला फक्त ०.०१. सगळ्यांची बेरीज एक. प्रत्येक अवयवाची मात्रा त्याच्या गुणाने गुणून बेरीज केली की सीव्हर्टमधला आकडा मिळतो. आपल्या कामाचा त्याचा हजारावा भाग, म्हणजे मिलिसीव्हर्ट. पूर्वी अंडाशयाला ०.२० गुण होते, ते कमी केले गेले, कारण हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलाबाळांत दशकानुदशकं शोधूनही भीती होती ते अनुवंशिक दोष सापडले नाहीत.

हा गुणाकार आता संगणक करतो. माणसाच्या शरीराचं गणिती प्रतिरूप घेऊन त्यात लाखो किरणं सोडली जातात आणि कुठल्या अवयवात किती मुरली ते मोजलं जातं. आपल्याला त्यातून एक ढोबळ भागाकार उचलता येतो: कंबरेच्या समोरच्या फोटोत त्वचेवरच्या मिलिग्रेचा साधारण दहावा हिस्सा मिलिसीव्हर्ट होतो, बाजूच्या फोटोत चाळिसावा. म्हणजे वरच्या उदाहरणात ०.६ आणि ०.५, मिळून १.१ मिलिसीव्हर्ट. वैद्यकीय तक्त्यांत कंबरेच्या मणक्यांच्या तपासणीला सरासरी १.५, छातीमागच्या मणक्यांना १.०, मानेला ०.२ आणि छातीच्या एका फोटोला ०.०२ दिलेला असतो. आपला हिशोब त्यांच्याशी जुळतो. आणि यातून हेही दिसतं की कंबरेची एक तपासणी म्हणजे छातीचे पन्नास ते पंच्याहत्तर फोटो. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पण ज्या बाईने पाकिटं मोजून ठेवली, तिच्यापासून हे लपवायचं कशाला?

आता तुमच्या पाकिटांकडे येऊ. माझ्यासमोर केव्ही-एमएएस नाहीत, म्हणून मी जाणूनबुजून वरच्या बाजूने धरतो. पहिले कंबरेचे दोन फोटो: मोठ्या माणसाचा आकडा, १.५. मुलगी बारीक असणार, तिला याहून कमीच मिळाले असतील. पूर्ण पाठीचे तेरा फोटो: डिजिटल यंत्रावर किशोरवयीन मुलीला एका फोटोला अर्धा मिलिसीव्हर्ट धरला तर ६.५. एकूण झाले ८. खरा आकडा याच्या निम्माही असू शकतो. यंत्र जुनं आणि टेक्निशियन घाईत असेल, तर थोडा वरही जाईल. ‘आठच्या आसपास, बहुधा कमी’ असं वहीत लिहून ठेवा.

आठ म्हणजे किती? मातीतून, हवेतून, अन्नातून आणि आकाशातून जगातल्या प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. म्हणजे दोन वर्षांत तुमच्या मुलीला फोटोंतून साधारण सव्वातीन वर्षांचा नैसर्गिक वाटा मिळाला. आपली काळी जमीन बेसाल्टची, तिच्यात युरेनियम-थोरियम ग्रॅनाइटपेक्षा कमी. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या किरणोत्सर्गी खनिजाच्या वाळूमुळे लोकांना पिढ्यान्‌पिढ्या याहून कितीतरी जास्त मिळतात, आणि तिथल्या अभ्यासात त्यामुळे कर्करोग वाढल्याचं आढळलं नाही.

तरीही धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. नियम ठरवणारे लोक सावधपणे असं धरतात की मात्रा जेवढी, तेवढा धोका, अगदी लहान मात्रेलाही. त्यांच्या मापाने एका सीव्हर्टला सुमारे ५ टक्के. आठ मिलिसीव्हर्टला ते अडीच हजारांत एक होतात. मुलं जास्त नाजूक, त्यातही मुली, म्हणून दोन-तीन पट धरू: हजारात एक. म्हणजे तुमच्या मुलीसारख्या हजार मुलींना एवढे फोटो काढले, तर आयुष्यभरात कदाचित एका मुलीला त्यामुळे कर्करोग होईल. त्याच हजार मुलींपैकी शंभराहून जास्त जणींना फोटो न काढताही तो व्हायचा असतो, कारण आपल्या देशात दर नऊ माणसांमागे एकाला आयुष्यात कधीतरी कर्करोग होईल असा अंदाज आहे. शंभर मिलिसीव्हर्टच्या खाली थेट पुरावा फार विरळ आहे. हा हजारात एकही वरच्या मोठ्या मात्रांवरून खाली ओढलेल्या रेषेतून आला आहे. तुमच्या मुलीवर शिक्का मारायला तो आकडा नाही, पुढचा फोटो विचार करून काढायला आहे.

मूलबाळाचं मात्र ठामपणे सांगतो. अंडाशय कायमचं निकामी व्हायला एकदम अडीच हजार मिलिग्रे किंवा त्याहून जास्त लागतात. ही मात्रा कर्करोगाच्या रेडिएशन उपचारात पोटावर दिली जाते तेव्हाची. कंबरेच्या एका फोटोत अंडाशयाला मिळते ती एक-दोन मिलिग्रेच्या घरातली. पंधरा फोटोंची बेरीज केली तरी ती त्या पातळीच्या जवळपास फिरकत नाही. लग्नाच्या बोलणीत ‘हिचे खूप फोटो काढले होते’ असं कुणी म्हणालं, तर हा आकडा त्यांना ऐकवा. आपल्याकडे पोरींच्या माथी असल्या गोष्टी फार सहज मारल्या जातात.

एप्रनची तक्रारही सोडून द्या. पूर्वी आम्ही पोटावर शिसं ठेवायचो. मात्र २०१९ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने रुग्णाच्या पोटावर-ओटीपोटावर नेमाने शिसं ठेवणं थांबवा असं सांगितलं, आणि मला ते पटलं. अंडाशयाला जी किरणं मिळतात त्यांतली बरीच शरीराच्या आतच इकडे-तिकडे फेकली गेलेली असतात, वरचं शिसं त्यांना अडवत नाही. एप्रन सरकून माकडहाडावर किंवा कंबरेच्या हाडावर आला की फोटो वाया जातो आणि पुन्हा काढावा लागतो. आपोआप एक्सपोजर ठरवणाऱ्या यंत्राच्या सेन्सरवर आला, तर यंत्र किरणं वाढवतं. वाचवायला ठेवलेलं शिसं अशाने उलटतं. मात्र मुलीला धरायला तुम्ही आत थांबलात, तर एप्रन तुम्ही घाला. आणि घरातली गर्भवती बाई त्या कामाला आत कधी थांबू नये.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. लेकीला विचारा: समोरचा फोटो काढताना तुझी छाती स्टँडला टेकली होती की पाठ?

पाठ टेकली असेल, तर किरणं छातीतून आत शिरून पाठीतून निघाली. त्याला आम्ही एपी म्हणतो. छाती टेकली असेल, तर किरणं पाठीतून शिरली आणि स्तनांपर्यंत पोहोचेपर्यंत बरीच शरीरात मुरली. हे पीए. बाराव्या-तेराव्या वर्षी वाढणारी स्तनाची पेशी ही किरणांसाठी सगळ्यांत हळव्या जागांपैकी एक. नुसतं उलटं उभं केल्याने तिची मात्रा कित्येक पटींनी कमी होते, एक पैसाही लागत नाही, यंत्रही बदलावं लागत नाही. कोन मोजायला पीए तितकाच चांगला.

या आग्रहामागे एक दुःखद अभ्यास आहे. अमेरिकेत १९१२ ते १९६५ या काळात निदान झालेल्या पाच हजारांहून जास्त स्कोलिओसिसच्या स्त्रियांचा पाठपुरावा केला गेला. त्यांचे प्रत्येकी सरासरी २४.७ फोटो काढले होते आणि स्तनांना सरासरी १०८ मिलिग्रे मिळाले होते. स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यांच्यात अपेक्षेपेक्षा १.६९ पट निघाले. ते २००० साली प्रसिद्ध झालं. या स्त्रियांत मूल न झालेल्या जास्त होत्या, आणि मूल न झालेल्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग एरवीही थोडा जास्त दिसतो, त्याचाही काही वाटा असू शकतो, आणि आजची यंत्रं त्या काळाच्या मानाने फार कमी मात्रेत फोटो देतात. तरी ते वाचल्यावर मी बरेच दिवस अस्वस्थ होतो. कारण नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत, ज्या दवाखान्यात मी काम शिकलो तिथे पोरींचे फोटो आम्ही सर्रास एपी काढायचो. पाठ स्टँडला टेकवली की मूल स्थिर उभं राहतं, एवढंच कारण. त्या पोरी आता चाळिशीच्या झाल्या असतील. मला त्यांचे चेहरे आठवत नाहीत, पण गोष्ट आठवते.

दुसरी गोष्ट बाजूच्या फोटोची. निदानाच्या वेळी तो हवाच. पण कोन वाढतोय की नाही हे बघायला समोरचा एकच पुरतो. ‘या वेळी बाजूचा लागेल का?’ असं डॉक्टरांना विचारा. कारण असेल तर ते सांगतील, नसेल तर अर्धी मात्रा जागच्या जागी वाचली. पुढच्या तीन वर्षांत सहा भेटी धरल्या, तर बारा फोटोंऐवजी सहा.

मग फोटोच टाळला तर? नको. कोन मोजण्यात माणसागणिक तीन ते पाच अंशांचा फरक पडतो. २४ चे २८ झाले ही वाढ असेलही आणि मोजणाऱ्याच्या पट्टीचा फरकही असेल. म्हणूनच जुने फोटो शेजारी ठेवून एकाच डॉक्टरांकडून पुन्हा मोजून घ्यायला सांगा, त्याला एकही किरण लागत नाही. आणि २५ ते ४० अंशांच्या मधे, हाडं वाढत असताना, पट्ट्याचा खरा उपयोग होतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पट्टा लावलेल्या ७२ टक्के मुलांची पाठ शस्त्रक्रियेच्या कोनापर्यंत गेली नाही, न लावलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. तुमची मुलगी नेमकी या दारात उभी आहे. हजारात एक या अंदाजाला भिऊन हा फोटो चुकवणं आणि पट्ट्याची वेळ हातची घालवणं, हे मला तिच्या आईवडिलांनी करायला नको आहे.

मधल्या महिन्यांत लक्ष ठेवायला फोटो लागत नाही. मुलीला पाय जुळवून, हात जोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा, पाठीचा एक भाग उंच दिसतो का. डॉक्टरांकडे तो तिरकेपणा अंशांत मोजायची छोटी पट्टी असते, स्कोलिओमीटर म्हणतात. भेटीत आधी ती लावायला सांगा. काही बदल नसेल, तर फोटो पुढे ढकलता येतो का, ते त्यांनाच विचारा.

तुमचा हिशोब अंदाजाचा राहू नये म्हणून फोटो झाला की फिल्मबरोबर सीडी मागा. डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर माहिती असते. नवीन डीआर यंत्र, म्हणजे कॅसेटशिवाय थेट संगणकावर चित्र देणारं, असेल तर केव्ही, एमएएस, अंतर आणि कित्येकदा मात्रा आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार, म्हणजे डीएपी, हेही त्यात आपोआप नोंदलेलं असतं. हिशोबाला त्याहून चांगलं काही नाही. केंद्र कॅसेटवालं सीआर असेल, तर कॅसेट वाचणाऱ्या यंत्राला ट्यूबवर काय बसवलं होतं ते माहीत नसतं, मग तो रकाना रिकामा येतो. तेव्हा टेक्निशियनलाच केव्ही आणि एमएएस विचारा आणि वहीत लिहा. नम्रपणे विचारलं तर बहुतेक जण सांगतात. आमच्या कामात कुणी रस घेतला की बरं वाटतं.

फोटोवर एक्सपोजर इंडेक्स नावाचा आकडाही असतो. तो फोटो घेणाऱ्या पडद्यापर्यंत किती किरणं पोहोचली ते सांगतो, मुलीला किती मिळाली ते नाही. पण तो टेक्निशियनच्या कामाचा आरसा आहे. फिल्मच्या काळात किरणं जास्त झाली की फोटो काळा पडायचा आणि चूक सगळ्यांना दिसायची. आता जास्त झाली तरी संगणक चित्र सुंदर करून देतो, उलट ते आणखी स्वच्छ दिसतं. त्यामुळे नकळत हात सैल सुटतो. शिस्त असलेली केंद्रं हा आकडा रोज बघतात. लोडशेडिंगच्या दिवसांत, शेतातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की आमच्या जुन्या यंत्राचा व्होल्टेज बसायचा आणि फोटो फिका यायचा, मग रिपीट. नवी हाय-फ्रिक्वेन्सी यंत्रं ते सांभाळून घेतात.

केंद्र निवडताना एकच गोष्ट बघा: अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे एईआरबीचा, परवाना भिंतीवर लावलेला आहे का. प्रत्येक एक्स-रे यंत्राला तो लागतो आणि ठरावीक काळाने यंत्राची गुणवत्ता तपासणी व्हावी लागते. मी वर ७० मायक्रोग्रे धरले, तो आकडा त्या तपासणीच्या अहवालात खऱ्या यंत्राचा मिळतो. मोबाइलवर शोधताना तुम्हाला ‘सामान्य माणसाला वर्षाला १ मिलिसीव्हर्टची मर्यादा’ असंही दिसेल. ती यंत्रांच्या आसपास वावरणाऱ्या इतर लोकांसाठी आहे. ज्याला तपासणीची गरज आहे त्या रुग्णाला मर्यादा नसते, त्याच्यासाठी दोनच प्रश्न: हा फोटो गरजेचा आहे का, आणि कमीत कमी किरणांत निघतोय का. कुणी मणक्याचं सीटी स्कॅन सुचवलं, तर हेच विचारा. त्यात सहाच्या आसपास मिलिसीव्हर्ट जातात, तुमच्या दोन वर्षांच्या सगळ्या फोटोंच्या जवळपास. एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात.

आणि घरात कुणाची कंबर दुखली की लगेच ‘फोटो काढून टाका’ म्हणणाऱ्यांसाठी: केळीचे घड वाहून धरलेली कंबर बहुतेक वेळा काही आठवड्यांत सुटते, फोटोने उपचार बदलत नाही. मात्र ताप, वजन घटणं, रात्रीच्या दुखण्याने जाग येणं, पडल्याचा मार, पूर्वी झालेला कर्करोग किंवा टीबी, पायातली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, यातलं काही असेल तर एक दिवस थांबू नका. आपल्या भागात मणक्याचा टीबी अजून दिसतो आणि उशिरा सापडला की पाय जातात.

दिवाळीनंतर जाल तेव्हा लेकीच्या गळ्यातला दोरा, तावीज, साखळी घरीच काढून ठेवा. माझ्या हातून झालेल्या रिपीटपैकी कितीतरी त्या तावीजांमुळे झाले. वेणी डोक्यावर बांधा, नाहीतर मानेच्या मणक्यांवर तिची सावली येते. बटणं-हूक नसलेला सुती गाऊन मागा. श्वास कधी रोखायचा ते आधी एकदा करून दाखवायला सांगा, म्हणजे हलणार नाही. टेक्निशियनला एवढंच म्हणा: ‘दादा, पीए काढा, आणि फक्त पाठीपुरतं कॉलिमेशन ठेवा.’ कॉलिमेशन म्हणजे किरणांचा झोत हव्या तेवढ्याच भागावर आवळणं. हे शब्द ऐकले की तो समजेल. मग वहीत तारीख, केव्ही, एमएएस, अंतर आणि तेव्हाचं मुलीचं वजन लिहून मला पाठवा. तुमच्या आठचा खरा आकडा किती, ते मी त्यावरून पुन्हा मांडून देतो.